फरहत बाग, मंगळवारी तीन ते सहा

नांदेड, मंगळवार, ९ जानेवारी १९४५

फरहत बागेच्या कमिटीचे चिटणीस रेणुकादासराव वकील यांनी आज मला फाटकावर सांगितले की, मंगळवारी दुपारी बाग बायका-मुलांसाठी राखीव असते याला लेखी पुरावा नाही आणि तोंडी गोष्टी कमिटी धरत नाही. म्हणून ही वही. मला रोजनिशीची हौस नाही. अठरा वर्षे मुलींची शाळा चालवली तेव्हा हजेरीपटापलीकडे काही लिहिले नाही. पण यापुढे बागेत कोण काय बोलले ते तारीखवार लिहिले जाईल.

आजची हकीकत अशी. बाग झाल्याला नऊ वर्षे झाली आणि नऊ वर्षे दर मंगळवारी तीन वाजता दरोगा लाडलेसाब फाटकावर कनातीचा पडदा ओढतो. पुरुष बाहेर जातात. सहापर्यंत बाग बायकांची. सात वर्षांवरचा मुलगासुद्धा आत चालत नाही. आज कनात नव्हती. हिरवळीवर जाळी बांधून चार अंमलदार बॅडमिंटन खेळत होते. आठवड्याचे सहा दिवस त्यांना अपुरे पडतात असे दिसते. बाहेर तीसएक बायका लेकरे कडेवर घेऊन उभ्या.

"बाईसाब, हमना क्या मालूम," लाडलेसाब म्हणाला. "ऊपर का हुकूम है. मंगळवार बंद."

"हुकूम दाखवा."

"हुकूम जबानी है."

म्हणजे बाग तोंडी बंद करता येते, तोंडी उघडता मात्र येत नाही. मी हे रेणुकादासरावांना ऐकवले. ते हसले. त्यांना मी काही विनोद केला असे वाटले.

मला ही बाग हवी आहे याचे कारणही लिहून ठेवते. माझी नात गोदावरी, वय साडेचार, मुदतीच्या तापातून उठली आहे. डॉक्टर म्हणाले, मोकळी हवा आणि खेळ, दुसरे औषध नाही. आणि तिच्या मामाचे, मार्तंडचे, लातूरहून तिसरे पत्र आले आहे की ताईला, म्हणजे माझ्या सुनेला, आणि भाचीला घेऊन जातो. माझा मुलगा अवधूत जाऊन दोन वर्षे झाली, तेव्हापासून मार्तंडला बहिणीची आठवण फार येते. मी त्याला कळवले की मुलीला बागेची गरज आहे, लातूरला गंजबाजारातली धूळ आणि मिरचीच्या पोत्यांपलीकडे हवा नाही. या युक्तिवादाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. आता बागच बंद झाली तर माझ्याकडे नसेल.

गुरुवार, ११ जानेवारी

अर्ज उर्दूत पाहिजे. मराठी अर्ज कमिटी घेते, पण उत्तर देत नाही.

तेहेतीस वर्षे या मुलखात राहून मला उर्दू वाचता येत नाही. हे मी वहीत लिहिते, बाहेर सांगत नाही. यजमान होते तोवर सगळे कागद ते पाहत, नंतर अवधूत. मला वेळ नव्हता असे मी सांगत आले. खरे म्हणजे १९११ साली पुण्यात बी. ए. झालेल्या बाईला अलिफ-बे गिरवत बसायची लाज वाटत होती.

कचेरीसमोरच्या अर्जनवीसाकडून कागद करून आणला. ओटीवर बसून तो न्याहाळत होते. अक्षर सुरेख, मजकूर देव जाणे. माझी सून चंद्रप्रभा दाराशी येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, हा द्यायचा नाही," ती म्हणाली.

"का?"

"यात लिहिलंय, एक लाचार बेवा कमिटीच्या कदमांवर डोकं ठेवून रहमाची भीक मागते."

मी कागद चुलीत घालायला सांगितला. मी लाचार नाही, आणि माझ्या विधवा असण्याचा बॅडमिंटनशी काही संबंध नाही. मग विचारले, "तुला वाचता कुठून येते?"

"बाबा तहसिलीत पेशकार होते ना. घरी रोज लिहून घ्यायचे. शाळेतही उर्दूच होतं."

सहा वर्षे ही माझ्या घरात आहे. तिला धिरडी चांगली येतात हे मला माहीत होते. मी मराठीत सांगितले, तिने उर्दूत लिहिले, मग वाचून अर्थ सांगितला. माझ्यापेक्षा थोडे सौम्य लिहिते. तो दोष वयाने जाईल.

मंगळवार, १६ जानेवारी

अर्ज शनिवारी दिला. उत्तर नाही. आज पुन्हा कनात नव्हती, पुन्हा तेच चार खेळाडू.

पण संक्रांतीचे दिवस. चांगुणाबाई म्हणून एक आहे, मूळची नायगावकडची, नवऱ्याच्या म्हशी आहेत, नातवाला बागेत आणते. तिने बाहेरचे फाटक न्याहाळले आणि म्हणाली, "बाई, आत न्हाई तर न्हाई. हळदीकुंकू हितंच करू की. रस्ता तर कमिटीचा न्हाई?"

फाटकासमोर सतरंजी अंथरली. बाग सोडून जायची ती एकच वाट, आणि तिच्यावर तीस सवाष्णी तिळगूळ, हळदीकुंकवाची करंडी आणि वाणाच्या बांगड्या घेऊन बसल्या. प्रभा आणि मी बाजूच्या मोरीच्या कठड्यावर बसलो. आम्हा दोघींना कुंकवाचा प्रश्न नव्हता. माझ्या हातात वही होती, तिच्या हातात गोदू.

चार वाजता अंमलदारांचा खेळ संपला. बाहेर यायचे तर हळदीकुंकवाच्या बैठकीतून, बायकांचे पदर ओलांडून यावे लागणार. एकाने लाडलेसाबला खूण केली. लाडलेसाब आमच्याकडे पाठ करून उभा होता. बायकांच्या बैठकीकडे त्याने आयुष्यात कधी पाहिले नाही, आजही पाहिले नाही. असा कर्तव्यदक्ष दरोगा या गावात दुसरा नसेल.

"साहेब लोक बसून राहिलेत," चांगुणाबाई म्हणाली. "त्यांनाबी तिळगूळ धाडा. गोड बोला म्हणावं."

साडेपाचला चौघे मागच्या मेंदीच्या कुंपणातून बाहेर पडले. माळी पिराजी सांगत होता, एकाची विजार फाटली. त्याला कुंपणाची काळजी जास्त होती.

शनिवार, २७ जानेवारी

कमिटीचे उत्तर आले. मंगळवार तीन ते सहा पूर्ववत. मात्र अट अशी की एका जबाबदार बाईने जनाना वेळेची निगराणी करावी आणि आलेल्या प्रत्येकीची नोंद रजिस्टरमध्ये उर्दूत ठेवावी. जबाबदार बाई म्हणून माझे नाव घातले आहे. रेणुकादासरावांना ठाऊक आहे की मला उर्दू येत नाही. माझ्या यजमानांचे ते जुने दोस्त. पंधरा दिवसांत मी हात टेकीन असा त्यांचा हिशेब असणार.

रजिस्टर प्रभा लिहील, सही मी करीन. वही आज आणली, लाल कापडी बांधणीची. तिच्यात उलटीकडून सुरुवात होते. प्रभा म्हणाली, तिच्या दृष्टीने तीच सुलटी.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

मार्तंड स्वतः आला. तो लातूरला आडतीवर मुनीम आहे आणि दुसऱ्याचा माल पाहताना दाबून पाहायची सवय त्याला लागली आहे. गोदूच्या दंडाला हात लावून म्हणाला, "वाळलीय."

"वाळली होती. आता भरते आहे. बाहेर चल, दाखवते."

त्याला घेऊन बागेपर्यंत गेलो. कनात ओढलेली होती, त्याला बाहेरच थांबावे लागले. कनातीच्या फटीतून त्याने गोदूला झोपाळ्यावर पाहिले. ती उभी राहून झोका घेत होती. महिन्यापूर्वी जिना चढताना धापा टाकत होती.

"बाई, मी काय म्हणतो," तो म्हणाला. "बाग आहे, खरंय. पण ताईचं काय? तिनं इथं काय करायचं आयुष्यभर?"

"तिला काय कमी आहे?"

"कमी असं नाही."

"मग?"

त्याला पुढचे सांगता येईना. माझ्याशी बोलताना बऱ्याच लोकांचे असे होते. सहा वाजता कनात निघाली तेव्हा तो प्रभाला म्हणाला, "ताई, तूच बोल." प्रभा रजिस्टर मिटत होती. ती म्हणाली, "आज त्रेचाळीस बायका, एकसष्ट मुलं." या उत्तरावर मार्तंड का गप्प झाला कळले नाही. मला ते अगदी मुद्द्याचे वाटले.

तो रात्रीच्या गाडीने एकटाच गेला.

मंगळवार, २० फेब्रुवारी

आज मुलींच्या शाळा तपासणाऱ्या एक मोठ्या बाई बागेत आल्या. दौऱ्यावर आहेत, बुरखा कनातीच्या आत आल्यावर काढून ठेवला, पान खाल्ले आणि बाकावर बसल्या. रजिस्टर मागून घेतले. दहा मिनिटे वाचत होत्या. कोण आले आणि किती मुले आली एवढेच त्यात असेल अशी माझी समजूत होती. पण प्रभाने प्रत्येक मंगळवारी खाली चार ओळी जास्त लिहिल्या आहेत म्हणे: कोणत्या मुलीला गोवर, कोणत्या बाईला अक्षरओळख हवी, हौदाला कठडा का पाहिजे. हे तिने मला न विचारता लिहिले. मजकूर वाईट नाही, म्हणून बोलले नाही.

मग त्या दोघी उर्दूत बोलल्या, अर्धा तास. मी शेजारीच होते. बोलणे बागेविषयीच असणार, कारण दुसरा विषय काय असणार. दोनदा त्या बाईंनी माझ्याकडे पाहून काही विचारले. मी दोन्ही वेळा मान डोलावली. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि डोळे पुसले. एका बागेसाठी एवढे भरून येणारी अधिकारी बाई विरळाच.

चांगुणाबाईने विचारले, "काय म्हणत होती?"

"बागेची तारीफ," मी सांगितले.

चांगुणाबाई प्रभाकडे पाहून म्हणाली, "अस्सं." तिला दर गोष्टीत काही तरी दिसते.

मंगळवार, ६ मार्च

ऊन तापू लागले. साडेचारच्या आधी घसरगुंडीच्या पत्र्यावर बसता येत नाही. पिराजीला सांगितले, तीन वाजता त्यावर दोन घागरी पाणी ओत. तो म्हणाला, पाणी झाडांचे आहे. मी म्हटले, मुलेही वाढतात. "झाडं बोलत न्हाईत ओ बाई," तो म्हणाला. मुलांविरुद्ध त्याची तक्रार तीच असावी.

आज तीन कागदांवर सह्या केल्या. पहिला झोपाळ्याच्या दोराचा. दुसरा हौदाच्या कठड्याचा. माझा नियम आहे, न वाचता सही करायची नाही, आणि मला वाचता येत नाही तिथे ऐकल्याशिवाय करायची नाही. प्रभा प्रत्येक कागद मराठीत सांगते. तिसरा सांगत होती तेव्हा पिराजी घागर घेऊन पत्र्याकडे न जाता कण्हेरीकडे निघाला होता. मी त्याला तिथूनच चार शब्द सुनावले.

"आत्याबाई, झालं वाचून," प्रभा म्हणाली.

"योग्य आहे," मी म्हटले.

"पुन्हा वाचू का?"

"मी बहिरी नाही."

तिने दौत घाईने माझ्यापुढे सरकवली. दौत सांडेल म्हणून मी ती उचलून माझ्या बाजूला ठेवली आणि सही केली. घरी येताना तिने माझी पिशवी हातातून काढून घेतली आणि वाटभर काही तरी गुणगुणत होती. उन्हाचा परिणाम.

मंगळवार, १३ मार्च

अठ्ठावन्न बायका. गोदू घसरगुंडी डोके खाली करून उतरली. मी रागावले. दुसऱ्यांदा उतरली तेव्हा रागावायला उशीर झाला, कारण मी हसत होते असे चांगुणाबाईचे म्हणणे आहे. मार्तंडला पत्र टाकले: मुलगी ठणठणीत, नेण्याचा विचार सोडावा.

प्रभा पूर्वीसारखी गप्प झाली आहे. दोनदा काही बोलायला म्हणून माझ्यापुढे आली, आणि कणीक मळू का असे विचारून गेली.

मंगळवार, २७ मार्च

सविस्तर लिहिते, कारण यात माझी बाजू कोणी घेणार नाही, वहीने तरी घ्यावी.

चार वाजता कचेरीचा चपराशी फाटकावर आला. लाडलेसाबने लिफाफा कनातीखालून आत सरकवला. "सरकारी है," म्हणाला. मला वाटले हौदाच्या कठड्याची मंजुरी. प्रभाने फोडला, वाचला आणि बाकावर बसली.

"मंजूर?" मी विचारले.

"हो."

"कधी बांधणार?"

"कठडा नाही, आत्याबाई. लातूरच्या मुलींच्या शाळेत मुअल्लिमा म्हणून माझी नेमणूक झालीय. शिक्षिका. सात एप्रिलला रुजू व्हायचंय."

"हे कोणी मागितले?"

"मी. त्या बाई म्हणाल्या, अर्ज कर, वडीलधाऱ्यांची संमती जोड. संमती तुमची आहे. सहा मार्चचा तिसरा कागद."

मी ही वही पिशवीतून काढली आणि सहा मार्चचे पान उघडले. तिथे सगळे माझ्याच अक्षरात आहे. पुरावा म्हणून ठेवलेली वही पुराव्याचेच काम करते. कोणाच्या बाजूने करावे हे ती मालकाला विचारत नाही.

"तू मला फसवलेस," मी म्हटले.

"मी शब्दन्‌शब्द वाचला होता. पुन्हा वाचू का असंही विचारलं." ती खाली पाहून बोलत होती, पण अडखळत नव्हती. "तुम्ही योग्य आहे म्हणालात. मला वाटलं, खरंच म्हणालात. दोन दिवस मी हवेत होते. मग तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत, तेव्हा कळलं की तुम्ही ऐकलंच नव्हतं."

"तेव्हा का नाही सांगितलेस?"

"तुम्ही सही परत घेतली असती."

हे खरे आहे. आधी तिला वाटले मी ऐकले, म्हणून ती बोलली नाही. नंतर वाटले मी ऐकले नाही, म्हणून बोलली नाही. दोन्ही वेळा दोष माझ्या कानाचा. बी. ए.च्या परीक्षेत तर्कशास्त्रात मला पहिला वर्ग होता.

"आणि गोदू?" मी विचारले.

तिने लिफाफ्याची घडी घातली. गोदू तेव्हा पिराजीच्या मागे घागर धरून चालली होती.

शुक्रवार, ३० मार्च

काल धुळवड. आज रेणुकादासरावांकडे गेले. त्यांच्या कानामागे अजून हिरवा रंग होता. मी त्यांना सगळे सांगितले. मला जे सांगायला तीन दिवस लागले ते त्यांना पाच मिनिटांत कळले, आणि फार आनंद झाला.

"सोपं आहे, बाई. सही नासमजुतीनं घेतली असा अर्ज टाकू. नेमणूक थांबेल. आणि नाहीच थांबली, तर सूनबाई जाईना का. नात तुमचीच. मुलाची मुलगी बापाच्या घरी राहते, यात कोण काय बोलणार? तिला घरात ठेवा आणि दार लावा. पुढं मी आहे."

त्यांनी तिथेच कागद ओढला आणि सरसर लिहिला. माझ्यापुढे सही करायला सरकवला.

"आधी वाचा," मी म्हटले. "मराठीत. सावकाश."

त्यांनी वाचले. या वेळी मी प्रत्येक शब्द ऐकला. 'मी एक अनपढ बेवा असून, कागदात काय आहे हे न समजता...'

"अनपढ काढा."

"तोच तर मुद्दा आहे, बाई. शिकलेल्या बाईनं समजून सही केली, असं झालं तर अर्जात उरतं काय?"

मी सही केली नाही. कारण एवढेच, की तो शब्द माझ्यासंबंधी खोटा आहे. दुसरे काही कारण नाही. प्रभा सहा वर्षांत प्रथम गुणगुणली होती त्याचा याच्याशी संबंध नाही.

नातीबद्दल त्यांनी जे सांगितले त्याला मात्र सही लागत नाही. नुसते दार लावायचे. घरी येऊन मी दाराला कडी आहे ना ते पाहिले. आहे. चांगली जाड आहे. हे पाहिल्याचे मी लिहून ठेवते, कारण पाहिले होते.

मंगळवार, ३ एप्रिल

चौसष्ट बायका. माझ्या निगराणीत सर्वांत मोठा आकडा.

आत पाऊल टाकताच चांगुणाबाईने माझ्या पायांना हात लावला. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी असेल.

"हे काय?"

"सुनेला नोकरीवर धाडून राहिल्या म्हणं तुम्ही. सही दिली म्हणं सोताची." मागे पंधरा-वीस जणी जमल्या होत्या. "आमच्यात सून अंगणाबाहीर जाऊ म्हणली तर सासू चूल इझवती. लई मोठं काळीज बाई तुमचं."

"मी काही केलेले नाही," मी म्हटले. इतके खरे वाक्य मी या महिन्यात दुसरे बोलले नसेन.

"हाव, हाव. केलेली माणसं असंच म्हणत्यात."

एक तरुण मुलगी, नवी, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेली, हळूच म्हणाली, "बाई, आमच्या सासूबाईंनाबी जरा सांगा ना." बायका हसल्या. मग कोणी तरी विचारले, "अन् लेकरू? ते आजीपाशीच राहणार असंल?"

प्रभा रजिस्टरवर वाकली होती. तिची लेखणी थांबली. तिने वर पाहिले नाही. आठ दिवस ती हे मला विचारू शकली नव्हती आणि मीही तिला सांगितले नव्हते. गोदू झोपाळ्यावर होती, दुसऱ्या एका मुलीला शेजारी दाटून बसवून. माझ्याकडे तिचे लक्षही नव्हते.

"लेकरू आईबरोबर जाईल," मी म्हटले. "साडेचार वर्षांच्या मुलीला आईपासून तोडायला मी काय वकील आहे?"

मी असे का बोलले ते मला सांगता येत नाही. घरून निघताना माझ्या मनात दुसरे होते. एवढ्या लोकांपुढे मला लहान होता येत नाही, हा माझा जुना दोष आहे. त्याचेच हे फळ असावे. प्रभाने लेखणी पुन्हा दौतीत बुडवली, पण लिहिले काहीच नाही. रजिस्टरच्या पानावर दोन ठिकाणी शाई फुटली आहे.

निघताना लाडलेसाबने विचारले, "अब रजिस्टर कौन लिखता, बाईसाब? नहीं तो फिर बंद करते वो लोगाँ."

"तुमची मुलगी सातवीत आहे ना?"

त्याने थोडा विचार केला. कनातीची दोरी गुंडाळत म्हणाला, "है. लिखती है. मेरे से अच्छा लिखती है."

ती पुढच्या मंगळवारपासून येईल. मंगळवार चालू राहील. मी जानेवारीत जे मागितले होते ते सर्व मिळाले.

लातूर, शुक्रवार, ६ एप्रिल

परवा रात्री निघालो, परभणी, परळी करत काल दुपारी पोहोचलो. गाडीत गोदूने मला खिडकीकडची जागा दिली नाही. मार्तंड टांगा घेऊन स्टेशनवर होता. त्याने माझ्याशी फार नम्रपणे बोलण्याचा प्रयत्न केला. मी त्याला त्या श्रमातून मोकळे केले.

शाळेला आज सुटी. उद्या प्रभा रुजू होईल. इमारत पाहून आले. वर्ग अंधारे आहेत, अंगण मोठे आहे, एकही झोपाळा नाही. प्रभाला सांगितले की पहिला अर्ज त्याचा कर. ती म्हणाली, "कालच लिहिला, आत्याबाई." मग म्हणाली, "तुम्ही पंधरा दिवस राहा ना." मी म्हटले मंगळवारी मला निगराणी आहे. मी ट्रंकेचे कुलूप तपासले.

आज सकाळी नऊ वाजता, मार्तंडच्या घरामागच्या खोलीत, चंद्रप्रभा अवधूत बिलोलीकर हिच्या हवाली केले ते असे: लोखंडी ट्रंक एक, कुलूपकिल्लीसह. गादी एक, रजया दोन. पितळी डबा, आत मेतकूट. तुपाची बरणी, तोंड फडक्याने बांधलेली. डॉक्टरांची चिठ्ठी. अवधूतचा फोटो, चौकटीसह; दुसरी प्रत नाही. माझ्याकडचे इंग्रजी व्याकरण आणि भूगोलाचे दोन नकाशे, शाळेसाठी. मुलगी गोदावरी, वय साडेचार, ताप नाही, दोन्ही गुडघे खरचटलेले. दूध कोमट लागते, केस विंचरताना रडते पण थांबू नये, पाण्याजवळ एकटी सोडू नये, रागावल्यास ऐकत नाही, न रागावल्यास ऐकते. हे मला उशिरा कळले.

सर्व मोजून आणि पाहून दिले. पोच मागितली नाही.